पीडीएफमधली चूक फुकटात दुरुस्त होते का?

“ताई, पीडीएफ आहे, त्यातलं नाव बदलून मिळेल का? आणि त्यासाठी ते दर महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं का?” सांगलीत विश्रामबागेत माझं डीटीपीचं दुकान आहे. हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. कुणाच्या हातात लग्नपत्रिका असते, कुणाच्या सोसायटीच्या सभेची नोटीस, कुणाच्या दरपत्रक. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

उत्तर असं: बहुतेक वेळा बदलून मिळतं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. लिब्रेऑफिस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यातला ‘ड्रॉ’ हा भाग पीडीएफ उघडतो. मी माझं जवळपास सगळं दुरुस्तीचं काम त्यातच करते. मात्र पीडीएफ म्हणजे काय हे आधी समजून घ्या, नाहीतर फाइल उघडल्यावर समोर जे दिसेल त्यानं गोंधळायला होईल.

अडोबी कंपनीनं १९९३ मध्ये पीडीएफ आणली ती एकाच कामासाठी. कागद कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, कुठल्याही प्रिंटरवर काढा, दिसायला तसाच्या तसा दिसला पाहिजे. २००८ साली तिचं आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक झालं, त्यामुळे आता ती एका कंपनीची राहिलेली नाही. तसाच्या तसा दिसण्याची किंमत मात्र मोजावी लागते. फाइलच्या पोटात परिच्छेद असा बहुधा नसतोच. अमुक अक्षर पानावर डावीकडून इतक्या अंतरावर, खालून इतक्या उंचीवर, अशा सूचना असतात. म्हणजे वर्डची किंवा लिब्रेऑफिसमधल्या रायटरची (मजकूर लिहायच्या भागाची) फाइल ही कालवलेली माती असेल, तर पीडीएफ ही भट्टीतून निघालेली वीट आहे. विटेची कड तासता येते, तिची परत माती होत नाही. कडा तासण्याचं काम ड्रॉ चांगलं करतो.

मार्केट यार्डातले एक बेदाण्याचे व्यापारी दरपत्रक घेऊन आले होते, त्यावरून सांगते. पत्रक जुन्या डिझायनरनं केलेलं, मूळ फाइल कुणाकडेच नाही. दोनच बदल हवे होते: मोबाइल नंबर, आणि हिरव्या बेदाण्याचा पंधरा किलोच्या बॉक्सचा भाव. ड्रॉ सुरू केला, फाइल मेनूतून ती पीडीएफ उघडली. पान समोर आलं, पण नंबरावर क्लिक केल्यावर कळलं की प्रत्येक ओळ हा सुटा डबा आहे, आणि भावाच्या ओळीचे तर तीन तुकडे: ‘हिरवा’ एकात, ‘बेदाणा’ दुसऱ्यात, आकडा तिसऱ्यात. हे असंच होतं, तुमचं काही चुकलेलं नसतं. आकड्याच्या डब्यावर डबल क्लिक केलं, जुना भाव पुसून नवा टाकला. आकडा लांबला तर डबा उजवीकडे सरकतो, मग बाणाच्या कळांनी तो आधीच्या रांगेत आणायचा. आल्ट दाबून बाण मारला की डबा अगदी बारीक सरकतो. हे एवढं जमलं की अर्धं काम आलं.

सगळा परिच्छेदच बदलायचा असेल तर ओळीओळीशी झगडू नका. त्या परिच्छेदाचे सगळे डबे एकदम निवडा आणि ‘शेप’ मेनूतलं ‘कन्सॉलिडेट टेक्स्ट’ वापरा. ओळी जोडून एकच डबा होतो. ही सोय ६.४ या आवृत्तीपासून आहे, तेव्हा तुमच्याकडे त्याहून जुनं लिब्रेऑफिस असेल तर आधी नवीन टाका.

काम झालं की कंट्रोल एस दाबून पीडीएफ सेव्ह होईल असं समजू नका. ड्रॉ ती स्वतःच्या ओडीजी फाइलमध्ये ठेवायला सांगतो. ती ठेवाच, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करता येते. पीडीएफ हवी असेल तर ‘फाइल’मधून ‘एक्सपोर्ट ॲज पीडीएफ’ घ्या आणि नाव वेगळं द्या. मूळ फाइल मग जशीच्या तशी राहते, गिऱ्हाइकाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतात. त्याच खिडकीत चित्रांसाठी जेपेग कॉम्प्रेशन (फाइल लहान, पण चित्र थोडं बिघडतं) आणि लॉसलेस (चित्र जसंच्या तसं) असे पर्याय असतात. पत्रिकेवर देवाचं चित्र किंवा फोटो असेल तर लॉसलेस निवडा, कडा स्वच्छ राहतात.

चाळीस पानांच्या स्मरणिकेत एका पानावर चूक असेल तर मात्र सगळी स्मरणिका ड्रॉमध्ये उघडू नये. उघडली की उरलेली एकोणचाळीस पानंही तुकड्यांत फुटतात आणि कुठल्या पानावर काय सरकलं ते शोधत बसावं लागतं. पीडीएफ अरेंजर हे छोटं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यातून ते एकच पान वेगळं काढायचं, ड्रॉमध्ये दुरुस्त करायचं आणि परत त्याच जागी बसवायचं. बाकीच्या पानांना हातच लागत नाही.

आता मराठीचं. इथे इंग्रजी कागदापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि इंटरनेटवरच्या इंग्रजी व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही. फाइल जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर त्या फॉन्टनं मराठी अक्षरांची चित्रं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नसला की स्क्रीनवर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्ट असेल तर टाकून घ्या, नसेल तर ती ओळ पुसून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नव्यानं लिहा.

युनिकोडची फाइल असली तरी ऱ्हस्व वेलांटी त्रास देते. आपण ‘किती’ लिहितो तेव्हा आधी क टाइप करतो, मग वेलांटी. कागदावर ती वेलांटी कच्या आधी दिसते, आणि पीडीएफमध्ये बऱ्याचदा दिसण्याच्याच क्रमानं साठवली जाते. ड्रॉमध्ये उघडल्यावर ती सुटून एका ठिपक्यांच्या गोलावर येऊन बसते. रफाराचं आणि जोडाक्षरांचंही तेच. अशा शब्दात मधेच एक अक्षर घालायला जाऊ नका, शब्द आणखी विस्कटतो. माझी पद्धत ठरलेली आहे: अख्खी ओळ निवडायची, पुसायची, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डनं परत टाइप करायची आणि आजूबाजूच्या मजकुराला जुळणारा फॉन्ट द्यायचा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही मोफत आहेत आणि साध्या मजकुरात बऱ्याच ठिकाणी खपून जातात. पाच मिनिटं जास्त लागतात, पण नवऱ्या मुलीच्या नावातली वेलांटी सुटलेली पत्रिका घरोघर जात नाही.

पुष्कळ जण जी पीडीएफ आणतात ती खरं तर फोटो असते. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे लोकांना कागद मोबाइलवर स्कॅन करून ठेवायची सवय लागली, आणि चांगली सवय आहे. पण स्कॅनमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांचं चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की सगळं पान एकदम निवडलं जातं. अशा वेळी चित्रातली अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट कामाला येतो. ह्यूलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेत सुरू झालेला हा कार्यक्रम २००५ मध्ये मुक्त झाला, आणि त्याला मराठीही वाचता येतं. छपाई स्वच्छ असेल तर बराचसा मजकूर सुटा करून देतो, मग तो रायटरमध्ये घेऊन तपासायचा. हाताचं लिखाण त्याच्याकडून वाचून घ्यायची अपेक्षा ठेवू नका.

चार रंगांत ऑफसेटला जाणारं काम असेल तर ड्रॉमधून अंतिम फाइल काढू नये. त्यासाठी स्क्रायबस हे छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर शिका, तेही मोफतच.

मी हे सगळं पैसे वाचवायला करते असं लोकांना वाटतं. पैसे वाचतात, ते हवेतच. पण माझ्या दृष्टीनं मोठं कारण दुसरं आहे. ‘पीडीएफ एडिट फ्री’ असं शोधून लोक समोर येईल त्या वेबसाइटवर फाइल चढवतात. त्या फाइलीत काय असतं? बँकेचं स्टेटमेंट, आधार, पगाराची स्लिप, दवाखान्याचे रिपोर्ट. ती फाइल कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर गेली आणि किती दिवस राहिली, हे चढवणाऱ्याला कधीच समजत नाही. लिब्रेऑफिसला इंटरनेट लागतच नाही. वायर काढून ठेवा, तरी चालतं. गिऱ्हाइकाचा कागद माझ्या मशीनवर उघडतो, दुरुस्त होतो आणि त्याच्याच पेनड्राइव्हवर जातो. लोक विश्वासानं कागद हातात देतात, त्या विश्वासाला जागायचं तर मला दुसरा रस्ता दिसत नाही.

आणि हे सॉफ्टवेअर उद्या कुणी बंद करेल ही भीतीही नाही. मूळ स्टारऑफिस जर्मनीतलं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याचा सोर्स कोड खुला केला, त्यातून ओपनऑफिस आलं. २०१० मध्ये ओरॅकलनं सन कंपनीच घेतली. तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांना पुढची खात्री वाटेना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था जाहीर करून लिब्रेऑफिस वेगळं काढलं. कोड खुला होता म्हणूनच ते शक्य झालं. कंपनीचा मालक बदलला तरी आपलं काम अडलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

कागदावरची माहिती झाकायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आधार नंबरावर काळा चौकोन ठेवला म्हणजे नंबर गेला असं नाही. चौकोनाखाली अक्षरं तशीच असतात, निवडून कॉपी केली की बाहेर येतात. लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’ मेनूत ‘रिडॅक्ट’ आहे. ते वापरून काळं केलेलं पान एक्सपोर्ट होताना चित्र बनतं, खाली काहीच उरत नाही. आधारच्या बाबतीत तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार सरकारच्याच साइटवरून मिळतं, तेच द्यावं.

काही कागद मी घेत नाही. सातबारा, गुणपत्रक, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं स्टेटमेंट. “एकच आकडा आहे हो ताई,” असं म्हणणारे येतात. दुसऱ्यानं दिलेल्या दाखल्यात आपण बदल करणं ही बनावट आहे, आणि त्यात कुणाची तरी जमीन किंवा कुणाच्या तरी मुलाची जागा जाते. शिवाय डिजिटल सही असलेल्या पीडीएफमध्ये एक अक्षर हललं तरी सही तपासताना ते उघड होतं. नाव खरोखर चुकलं असेल तर ज्या कचेरीनं दाखला दिला तिथेच अर्ज करायचा. तो अर्ज मी टाइप करून देते.

आणि तुमची स्वतःची पीडीएफ तुम्हीच बनवत असाल तर दुरुस्तीची वेळच येऊ देऊ नका. रायटरमधून ‘एक्सपोर्ट ॲज पीडीएफ’ करताना पहिल्याच टॅबवर ‘हायब्रिड पीडीएफ’ असा चौकोन असतो, त्यावर टिक करा. मूळ ओडीएफ फाइल, म्हणजे लिब्रेऑफिसची स्वतःच्या प्रकारची फाइल, त्या पीडीएफच्या आतच बसते. मोबाइलवर, व्हॉट्सॲपवर ती साध्या पीडीएफसारखी उघडते. लिब्रेऑफिसमध्ये उघडली की परिच्छेद, तक्ते, वेलांट्या सगळं शाबूत असलेली मूळ फाइल समोर येते. आकार थोडा वाढतो. आणि समोरच्यानं मजकुरात हात घालू नये असं वाटत असेल तर त्याला साधी पीडीएफच पाठवा, हायब्रिड स्वतःजवळ ठेवा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका आता सभेची नोटीस अशीच ठेवतात. तारीख आणि विषय घरीच बदलतात, आणि परत एक्सपोर्ट करताना तो चौकोन पुन्हा टिक केलाय का, एवढंच बघतात.