चार सळया आणि मूठभर खडी

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या डिझाइन प्रकल्पात आम्ही एक अख्खा दिवस वर्कशॉपसाठी राखून ठेवतो. तोवर ईटॅब्स या इमारतींच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल झालेलं असतं, ड्रॉइंग छापलेली असतात. त्या दिवशी गटाने स्वतः काढलेला एक बीम-कॉलम जॉइंट, म्हणजे तुळई आणि खांबाचा सांधा, खऱ्या सळयांनी, पूर्ण मापात बांधायचा. यंदाच्या गटाची इमारत कागदावर माहीमच्या किनाऱ्याजवळ, तळमजला अधिक 7 मजले. भूकंप क्षेत्र 3, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, समुद्राच्या हवेमुळे 'सिव्हियर' (तीव्र) एक्स्पोजर. म्हणून एम30 प्रतीचं काँक्रीट आणि 45 मिमी कव्हर, म्हणजे स्टीलवरचा काँक्रीटचा थर. आकडेमोड मी तपासली होती, तिच्यात चूक नव्हती.

जॉइंट कोपऱ्यातला निवडला. कॉलम 500 बाय 600 मिमी. बीम 230 बाय 600, कारण भिंत नऊ इंची आणि बीम भिंतीबाहेर दिसायला नको. बीमच्या वरच्या बाजूला 25 मिमीच्या 4 सळया, एका ओळीत.

साइटवरून आलेल्या फिटरकाकांनी कॉलमचा पिंजरा उभा केला, बीमच्या 8 मिमीच्या रिंगा लावल्या. हुक 135 अंशांत, पुढचं शेपूट 65 मिमी. मग सळया सरकवल्या. चौथी पहारीने रेटावी लागली.

"काका, बसली ना पण?" एका विद्यार्थिनीने विचारलं.

"बसली की. पण माल कुठून जाणार, ताई?"

त्यांनी 20 मिमीची मूठभर खडी वरून टाकली. सगळी सळयांवरच राहिली.

हिशोब फळ्यावर तिथेच मांडला. 230 मधून दोन्ही बाजूंचं कव्हर 90 आणि रिंगेचे 16 गेले की 124 उरतात. त्यातले 100 सळयांचे. राहिलेले 24 तीन फटींत वाटले की फट 8 मिमी. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे फट सळईच्या व्यासाइतकी किंवा खडीच्या मापाहून 5 मिमी जास्त, यांतली जी मोठी ती हवी. इथे दोन्ही 25. तीनच सळया ठेवल्या तरी फट 24.5 येते, अर्ध्या मिलिमीटरने कमी. व्हायब्रेटरची 40 मिमीची सुई तर उतरतच नाही. मग सळयांखाली हनीकोम, म्हणजे पोकळ्यांनी भरलेलं काँक्रीट, राहतं, आणि किनाऱ्यावर गंज आधी तिथेच धरतो. सॉफ्टवेअरने 1963 चौरस मिमी स्टील मागितलं होतं. ते रुंदीत मावतं की नाही, हे माणसानेच बघायचं असतं.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटली. कोपऱ्याच्या जॉइंटमध्ये बीमची सळई कॉलमच्या आत वाकवून अडकवावी लागते. एम30 काँक्रीट आणि एफई500 स्टीलसाठी 25 मिमीच्या सळईची डेव्हलपमेंट लेंग्थ, म्हणजे सळई उपसून येऊ नये म्हणून काँक्रीटमध्ये लागणारी लांबी, 1133 मिमी. आयएस 13920 या भूकंपासाठीच्या मानकाप्रमाणे त्यात 10 व्यास, म्हणजे 250 मिळवायचे आणि 90 अंशांच्या वाकाचे 200 वजा करायचे. राहिले 1183. कॉलमच्या आत आडवी जागा जेमतेम 525. उरलेलं शेपूट खाली उतरतं ते बीमच्या तळाच्याही 100 मिमीहून जास्त खाली जातं. साइटवर कॉलम बीमच्या तळापर्यंत आधीच भरलेला असतो! अशा वेळी शेपूट गुपचूप कापलं जातं, आणि भूकंपात सळई उपसून येण्याचा धोका नेमका तिथे असतो.

दुपारभर गटाने पर्याय तपासले. एम35 घेतलं तर कव्हर 40 चालतं आणि तीन सळया बसतात, चार नाही. शेवटी बीम 300 रुंद केला. वाढीव 70 मिमी आतल्या बाजूला घेतले, दर्शनी भिंत सपाट राहिली. वरच्या बाजूच्या सळया 20 मिमीच्या 7, दोन ओळींत: वरच्या ओळीत 4 आणि तिच्या खालच्या ओळीत 3. बीमची प्रभावी खोली, म्हणजे तळापासून या सळयांच्या मध्यापर्यंतचं अंतर, 534 वरून 520 वर आली, पण स्टील 2199 झालं. शेपूटही आता बीमच्या उंचीतच संपतं.

पुन्हा बांधताना जॉइंटमधल्या रिंगांचा प्रश्न आला. बीमचा पिंजरा वर बांधून शटरिंगमध्ये सोडला की मागून रिंगा घालता येत नाहीत, म्हणून त्या सर्रास गाळल्या जातात. काकांनी क्रम दाखवला: कॉलमच्या सळयांवर रिंगांची चळत आधी ओवायची, बीमच्या वरच्या सळया तिच्यातून सरकवायच्या, पिंजरा उतरवताना रिंगा ठरल्या अंतरावर बांधत जायच्या. हा क्रम ड्रॉइंगवर टीप म्हणून गेला.

संध्याकाळी काकांनी शेवटचं विचारलं, "दोन बीम इथे काटकोनात भेटतात. कुणाची सळई वर, कुणाची खाली?" ड्रॉइंगमध्ये दोन्ही एकाच पातळीवर होत्या. लांब गाळ्याच्या बीमवर मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, जास्त; म्हणून त्याच्या सळया वर ठेवल्या. दुसऱ्या बीमच्या सळया 20 मिमी खाली गेल्या, आणि त्याचं गणित गटाने त्या रात्री नव्याने केलं.