बाईंचे दोन रकाने

आपल्या शाळेच्या अमृत महोत्सवाची पत्रिका आली तेव्हा मी जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेच्या अभ्यासात बुडालेले होते. घटनेच्या कलम 233 प्रमाणे किमान 7 वर्षं वकिली केलेल्याला या थेट भरतीत उतरता येतं. माझी वकिली इंदूरच्या जिल्हा कोर्टात, अधूनमधून हायकोर्टाच्या खंडपीठात. समितीनं 'तुमची वाटचाल लिहा' असं कळवलं. लिहायला बसले आणि वाटचाल बाजूलाच राहिली, बाई डोळ्यांसमोर आल्या. आपल्या इतिहासाच्या बाई. नाव लिहायला नकोच, रामबागेपासून राजवाड्यापर्यंत आपल्या पिढीला 'बाई' म्हणजे त्याच.

आठवीत गॅदरिंगच्या आदल्या दिवशी जिन्याखालचं भित्तिपत्रक कोणीतरी फाडलं. अहिल्याबाईंवरचा अंक होता. सगळ्या वर्गानं एकाच मुलाकडे बोट दाखवलं. का, तर तो पूर्वी एकदा खिडकीची काच फोडताना सापडला होता.

बाई आल्या. प्रत्येकाला कागद दिला, मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे 'मी पाहिलं', उजवीकडे 'मी ऐकलं'. "काचेबद्दल कोणी काही लिहायचं नाही," असंही बजावलं. उजवा रकाना सगळ्यांचा भरला. डावीकडे एकाही कागदावर ओळ नव्हती. मग त्या मुलाला शेजारच्या खुर्चीवर बसवून त्या म्हणाल्या, "तुला काय सांगायचंय? सावकाश सांग." तो रडत रडत बोलला आणि त्याचं संपेपर्यंत बाईंनी आम्हाला चकार शब्द काढू दिला नाही. फाडलं कोणी, ते काही कळलं नाही. "नाही कळलं तर नाही कळलं. म्हणून याला धरायचं?" एवढंच बोलून त्यांनी आम्हा सगळ्यांना नवा अंक लिहायला बसवलं. तोही आमच्यात होता. समारंभाला तो येणार आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

पुढे लॉ कॉलेजात 1872 चा पुरावा कायदा शिकताना कलम 60 आलं: पाहिलेली गोष्ट ज्यानं पाहिली त्यानंच सांगायची. कलम 54 आलं: आरोपीचं आधीचं वाईट वर्तन एरवी त्याच्याविरुद्ध धरायचं नाही. मला ती पाठ करावी लागली नाहीत. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तेव्हापासून तीच कलमं 55 आणि 49 म्हणून ध्यानात ठेवतेय.

हरलेला पक्षकार अपिलासाठी माझ्याकडे येतो तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं, "मॅडम, हमारी तो सुनी ही नहीं." निकाल कदाचित बरोबरही असतो, पण त्याला तो कोणी समजावलेला नसतो. मला न्यायाधीशाची खुर्ची मिळाली तर समोरच्याचं बोलणं मी पुरतं ऐकेन, आणि कोणाच्या विरुद्ध निकाल दिला तर का दिला, हे त्याला वाचून कळेल असं लिहीन. जबलपूरला या परीक्षेच्या मुलाखतीचा योग आला तर तिथेही हेच सांगणार आहे. बाई आज असत्या तर त्यांच्यासमोर आधी बोलून पाहिलं असतं.

मध्यंतरी शाळेत जाऊन आले. नवी इमारत देखणी आहे. मात्र मधल्या सुट्टीत मराठी जवळजवळ कानावर आलीच नाही, फार वाईट वाटलं. जिन्याखालचा फळाही निघालाय, तिथे वॉटर कूलर आहे. समितीला कळकळीची विनंती, कूलर दुसरीकडे हलवून भित्तिपत्रक पुन्हा सुरू करावं. फळ्याचा आणि कागदांचा खर्च आमची बॅच देईल, सगळ्यांशी बोलून झालंय.