जांभ्याच्या भिंती आणि दुसरा राउटर: माझा अनुभव

गुहागरकडचं घर. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी अशी एकामागे एक दालनं, आणि मधल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, सव्वा फूट जाडीच्या. फायबर ओटीवर येतो. माजघरात वायफाय ठीक, स्वयंपाकघरात एक काडी, पडवीत काहीच नाही. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी कमी पार होतो. वायफायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झचा तर दुसऱ्या भिंतीलाच संपतो.

दुकानदार रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा, घ्या म्हणतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर एकदा मुख्य राउटरशी आणि एकदा फोनशी बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय त्याला मिळणारा सिग्नलच मरतुकडा असेल तर पुढे तो काय देणार? मी कपाटातला जुना राउटर काढला आणि वायरने जोडला.

त्यात महत्त्वाचं एकच: दुसऱ्या राउटरचं राउटरपण काढून घ्यायचं. घरातल्या फोन-लॅपटॉपना नेटवर्कवरचे पत्ते (आयपी) वाटणारा एकच हवा. जुन्याला आधी मुख्य राउटरला जोडायचंच नाही. मागचं रीसेटचं भोक टाचणीने दहा सेकंद दाबायचं, लॅपटॉप वायरने लावायचा आणि तळाच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (नुसतं वायफाय द्यायचं, पत्ते वाटायचे नाहीत) दिसला तर निम्मं काम झालं. माझ्यात नव्हता. मग आधी वायफायचं नाव-पासवर्ड भरला, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवली. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे, म्हणून याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. तुमच्याकडे पहिले तीन आकडे वेगळे असतील तर तेच ठेवा, फक्त शेवटचा बदला. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद केलं. हा नवा पत्ता राउटरच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवत नाही आणि पुन्हा रीसेट करावा लागतो. मुख्य राउटरवर पत्त्यांचा पट्टा १०० ते २०० असा आवळला, म्हणजे .२ हा पत्ता तो चुकून कुणा फोनला देत नाही.

केबल मुख्य राउटरच्या लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टातून निघून जुन्याच्याही लॅन पोर्टातच जाते. वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटचं, रिकामं. सगळ्यांचा हात नेमका तिथेच जातो. त्यात घातली तर पडवीत दुसरंच नेटवर्क उभं राहतं: नेट चाललंच तरी ओटीवरचा प्रिंटर दिसत नाही, आणि दोन्हीकडे पत्त्यांची मालिका एकच असेल तर नेटही धड चालत नाही. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर दुखणं आणखी चमत्कारिक. फोन ‘कनेक्टेड’ दाखवतो, नेट कधी असतं कधी नसतं. ज्या राउटरने आधी उत्तर दिलं त्याचा पत्ता फोन घेतो. जुन्याने दिलं तर तो स्वतःलाच बाहेरचा दरवाजा म्हणून सांगतो, आणि त्या दरवाजामागे काही नसतं.

नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला, चॅनेल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्झवर ओटीला १, पडवीला ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. तरी काही फोन ओटीच्या अर्धमेल्या सिग्नलला चिकटून बसतात. ओटीच्या राउटरची ट्रान्समिट पॉवर ‘मध्यम’ केली की सोडतात.

सेटिंग अर्ध्या तासाची. खरं काम केबलचं, आणि आपल्याकडे कोकणात तर दुप्पट. कॅट-६ दर्जाची घ्या, शुद्ध तांब्याची. स्वस्तातल्या केबलीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, वळणावर तार तुटते. १०० मीटरची मर्यादा घरात आड येत नाही, माझी २२ मीटर लागली. घरातली करडी केबल उन्हात तडकते, म्हणून बाहेरची काळ्या आवरणाची, वळचणीखालून पीव्हीसी पाइपातून नेली. पाइप उंदरांसाठीही लागतोच. विजेच्या वायरीपासून वीतभर लांब ठेवली. चिऱ्यात भोक सहज पडतं पण भुगा होऊन मोठं होत जातं. आत पाइपाचा तुकडा बसवा, भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, आणि केबलला भोकाआधी खाली झोळ द्या. पाणी त्या झोळावरून ठिबकतं, आत येत नाही.

क्रिम्पिंगचा, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना तारांचा, क्रम, प्लगचा खटका खाली आणि तारा आपल्याकडे धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ नुसत्या तारांवर येते. माझं पहिलं टोक लागलं, नेट सुरू झालं, पण वेग ९४-९५ मेगाबिटच्या वर जाईना. निळी तार पुढपर्यंत पोचलीच नव्हती. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी जोडी पुरते, गिगाबिटला चारही जोड्या लागतात, म्हणून अशी चूक लपून राहते. अर्थात जुन्या राउटरची पोर्टंच १०० मेगाबिटची असली तर वेग तिथेच अडणार. आधी ते बघा.

खाऱ्या हवेने प्लगच्या सोनेरी दातांवर हिरवट थर चढतो आणि जोडणी मधूनच तुटते. साफ करत बसू नये, टोक कापून नवा प्लग लावावा. म्हणून दोन्हीकडे हातभर केबल जास्तीची गुंडाळून ठेवली आहे.

वीज जाते तेव्हा ओटीचा आणि पडवीचा, दोन्ही राउटर चालू राहिले तरच उपयोग. दोघांना वेगळे मिनी यूपीएस लावले, ॲडॉप्टरवरचे व्होल्ट जुळवूनच. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिलेत तर तो जळू शकतो.

केबल दुसऱ्या इमारतीत, मांगरात किंवा पाहुण्यांच्या खोलीत न्यायची असेल तर तांबं नको. मधे फायबर टाकून दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला सिग्नल प्रकाशात बदलणारे डबे) लावा, फायबर काचेचा असतो आणि काचेतून विजेचा झटका येत नाही. एकाच घरातही मे महिन्याच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की नुसता ॲडॉप्टर काढून भागत नाही. लॅनची केबलही दोन्ही टोकांना उपसून ठेवायची.