किलपेक: वाढायचं राहून गेलेलं चर्च

इंग्लंडमधल्या हेरेफर्ड शहराहून ए४६५ रस्त्याने नैऋत्येला साधारण १३ किलोमीटरवर किलपेक हे खेडं लागतं. इथल्या सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड चर्चला मनोरा नाही. इंग्लंडमधल्या बहुतेक खेड्यांत गावाकडे पैसा आला की चर्चला बाजूची दालनं, मोठ्या खिडक्या, मनोरे जोडले गेले. किलपेक उलट ओसरलं. पश्चिमेला किल्ल्याची टेकडी आणि भिंतीचे तुकडे उरलेत, ईशान्येला जुन्या वस्तीचे नुसते उंचवटे. त्यामुळे ११४०च्या सुमाराचा, म्हणजे फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मनांच्या काळातला आराखडा जवळपास तसाच राहिला: लांबट सभामंडप, मग चौकोनी चॅन्सेल, म्हणजे वेदीकडचा धर्मगुरूंचा भाग, शेवटी अर्धगोल अ‍ॅप्स, म्हणजे चर्चचं पूर्वेकडचं टोक.

आपण देवळाला घालतो तशी प्रदक्षिणा घालावी, सुरुवात दक्षिण दारापासून. कमानीखालच्या अर्धवर्तुळात द्राक्षवेल आहे, खांबांवर सैल विजारीतले योद्धे वेलींत अडकलेत, कडेचे साप शेपट्या गिळताहेत. दगड स्थानिक तांबडा वालुकाश्म. ऊन तिरकं असताना यावं. ढगाळ दिवशी उठाव सपाट दिसतो. हात मात्र लावू नये, ओल मुरलेल्या वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात.

पश्चिम भिंतीतून ड्रॅगनची तोंडं बाहेर आलेली दिसतील. उत्तरेकडून जाताना सभामंडपाच्या ईशान्य कोपऱ्याशी थांबा. इथली चिरेबंदी वेगळी आहे, ती नॉर्मनांच्या आधीच्या चर्चची. घाईत हीच जागा हमखास निसटते.

वळचणीखाली सगळीकडून कॉर्बेल, म्हणजे छताच्या कडेचा भार पेलणारे कोरीव दगड. मूळचे ९१, आज ८५. दुर्बीण हवीच. शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा तर अगदी आजच्या व्यंगचित्रातले वाटतात. अ‍ॅप्सवर प्रसिद्ध शीला-ना-गिग आहे: दोन्ही हातांनी योनी फाकवून दाखवणारी स्त्री. आपल्याकडची लज्जागौरी आठवते, पण नातं जोडायची घाई नको. ही वासनेविरुद्धची ताकीद, की दृष्ट काढणारी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

आत काळोख आहे, खिडक्या लहान. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं उभं राहावं, मग चॅन्सेलच्या कमानीवर एकावर एक उभे केलेले संत दिसू लागतात.