खुराड्यातले लाल माइट आणि आमची चांदी

उन्हाळा सरता सरता आमची चांदी रवणावर बसली. एरवी अंड्यांवर बसली की दाणा टिपायलाही जेमतेम उठणारी कोंबडी, पण या खेपेला ती अर्ध्यातच अंडी सोडून अंगणात येऊन उभी राहू लागली. तुरा पांढुरका, पिसं फुगवलेली, डोळे मिटमिटे. बाकीच्याही संध्याकाळी खुराड्यात जाईनात, कडुनिंबावर चढून बसायच्या.

आमच्याकडे कोंबडी मलूल दिसली की सगळ्यांच्या तोंडी मानमोडी, म्हणजे राणीखेत. ती शिरली की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं, त्यामुळे माझ्याही पोटात गोळा आला. मान वाकडी नव्हती, पंख लुळे नव्हते, हिरवट हगवणही नव्हती. तरी जीव स्वस्थ बसू देईना, म्हणून चांदीला टोपलीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. (नेणं जमत नसेल तर पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या नंबरवर फोन करून विचारता येतं.)

डॉक्टरांनी शेपटीखालची आणि पंखाखालची पिसं उलटी करून पाहिली. उवा नाहीत, लिखा नाहीत. मग त्यांनी विचारलं, "अंडी काढणाऱ्याच्या हाताला खाज सुटते काय?" आईचे हात कोपरापर्यंत लाल पुटकुळ्यांनी भरले होते, आणि आम्ही ते घामोळं समजत होतो. "रात्री बॅटरी घेऊन खुराडं पाहा," एवढंच ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर गेलो. कोंबड्या बसतात त्या बांबूच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या. बांबूच्या पेराशी, कमच्यांच्या बांधणीत, मोहरीहून बारीक लाल ठिपके अक्षरशः वळवळत होते. हे लाल माइट, म्हणजे रक्त पिणारी बारीक कीड, दिवसा फटीत दडतात आणि रात्री कोंबडीवर चढून रक्त पितात, म्हणून दिवसा अंगावर सापडत नाहीत. रवणावरची कोंबडी जागची हलत नाही, सगळ्यात जास्त तीच सोसते. उबदार हवेत आठवड्याभरात नवी पिढी तयार होते, आणि रक्त मिळालं नाही तरी ते कित्येक महिने तग धरतात. खुराडं महिनाभर रिकामं ठेवून भागत नाही.

शेजारचे काका म्हणाले, "कपाशीचं औषध मार ना बाप्पा, एका फटक्यात साफ होते." मी ठाम नकार दिला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आम्ही कसं विसरणार? त्याच वर्षी युरोपात याच माइटसाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. फिप्रोनिल आपल्या कृषी केंद्रातही मिळतं. अंडी घरची लेकरं खातात, तिथे शेतातलं विष नकोच.

कोंबड्या डालग्याखाली ठेवल्या. रवणातलं कुटार आणि जुने बांबू जाळून टाकले. फटीफटीत उकळतं पाणी ओतलं, कडक उन्हात वाळवलं, मग डॉक्टरांनी सांगितलेलं परमेथ्रिन हे माइट मारायचं औषध त्यांच्याच मापाने फवारलं. पुरतं सुकल्यावरच पाखरं आत घेतली. माइटची अंडी या औषधाला दाद देत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारलं, शेवटी चुना मारला. बसायला रंधा मारलेली एकच सरळ दांडी घेतली, भिंतीला न टेकणारी, आणि तिचे पाय तेलाच्या वाट्यांत उभे केले. माइटला वर चढायची वाटच उरली नाही. कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख ठेवली. धुळीत लोळणं कोंबडीला लागतंच.

कोंबड्याच्या पायाचे खवले उचलून पांढरी खपली धरली होती. तो वेगळा माइट, खवल्याखाली राहणारा. पाय कोमट पाण्याने मऊ करून खोबरेल तेल लावत राहिलो. खपली ओढून काढली नाही.

चांदीला डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. सोबत शेवग्याचा पाला आणि भिजवलेली ज्वारी. तुरा हळूहळू गुलाबी होत गेला. सोडलेली अंडी मात्र वाया गेली, त्याचं मला फार वाईट वाटलं.

आता बाजाराच्या दिवशी रात्री दांडीखाली फडकं फिरवतोच. मागच्या खेपेला एका खिळ्यापाशी दोन ठिपके सापडले. लगेच पाणी उकळायला ठेवलं.