तंबूतच का राहिलात?

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मी नैरोबीपासून केप टाऊनपर्यंत जमिनीवरून प्रवास केला. केनिया, टांझानिया, मलावी, झांबिया, बोट्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका असे सात देश जवळजवळ दोन महिन्यांत पार केले, आणि टांझानियाच्या झांझिबार बेटावरचे तीन दिवस सोडले तर प्रत्येक रात्र तंबूत काढली. हे ज्यांना ठाऊक आहे ते भेटले की आधी सिंह दिसले का ते विचारतात, आणि मग जरा काळजीच्या सुरात दुसरा प्रश्न येतो: “एवढा खर्च करून इतक्या लांब गेलात, तर तंबूतच का राहिलात? तिथे चांगली लॉज असतात ना?” लॉज असतात, उत्तम असतात. एका अभयारण्यातून दुसऱ्यात लहान विमानाने नेऊन पोहोचवण्याची सोयही असते, आणि ज्यांची प्रकृती किंवा रजा मर्यादित आहे त्यांनी तसे जाण्यात काही गैर नाही. तंबूचा प्रवास पुष्कळ स्वस्त पडतो हेही खरे. पण माझे कारण तेवढेच नव्हते, म्हणून तुम्ही विचारलेत तर नीट सांगते.

सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. आफ्रिकेचा धडा आला की फळ्यावर दोन समांतर रेषा ओढायच्या, मधला भाग खाली सरकलेला दाखवायचा आणि “ही खचदरी” असे म्हणायचे, हे मी इतक्या वेळा केले होते की खडू आपोआप फिरत असे. ती खचदरी मला विमानाच्या खिडकीतून पाहायची नव्हती. ती चढायला किती वेळ लागतो, तिच्या तळाशी कोणते पीक घेतात, कड्यावर गेल्यावर हवा कितीशी बदलते, हे मला अंगावर हवे होते. त्यासाठी रस्त्यानेच जायला हवे आणि रस्त्याने जायचे तर रात्र पडेल तिथे मुक्काम करायला हवा.

आमचे वाहन म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली उंच बस होती. आत चोवीस आसने, मागे प्रत्येकाचा कुलूपबंद कप्पा, पोटाशी गॅसच्या शेगड्या, पाण्याची टाकी, घडीची टेबले आणि तंबूंच्या पिशव्या. आम्ही एकोणीस प्रवासी, शिवाय चालक, वाटाड्या आणि स्वयंपाकी असे तिघे केनियन. माझ्या तंबूतली जोडीदार एक डच परिचारिका होती, वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान. पहिल्या संध्याकाळी तो जड कापडी तंबू उभा करायला आम्हा दोघींना अर्धा तास लागला. तंबूला सोळा मेखा होत्या, आणि सकाळी घडी करताना त्या मोजून पिशवीत टाकायच्या हा नियम होता, कारण एखादी गवतात राहिली तर पुढच्या वाऱ्याच्या मुक्कामी तिची उणीव भासते.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही मलावी सरोवराच्या काठी पोहोचलो तेव्हा मला माझा फळा आठवला. टांझानियात म्टो वा म्बू गावाहून मन्यारा सरोवराच्या काठचा कडा आम्ही वळणावळणाने चढलो होतो, खाली केळीच्या बागा हिरव्यागार आणि वर आल्यावर कोरडा वारा. त्यानंतर इतके दिवस, इतकी गावे आणि एक सरहद्द ओलांडून समोर आलेले जवळपास सातशे मीटर खोल पाणी त्याच खचदरीच्या व्यवस्थेत साचलेले होते. मुलांना मी ही लांबी किलोमीटरमध्ये सांगत असे. आता ती मला दिवसांत कळली होती.

सरहद्दींनीही पुष्कळ शिकवले. नामांगा येथे टांझानियात शिरताना खिडकीतल्या आरोग्य अधिकाऱ्याने पासपोर्टच्या आधी पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचे पिवळे कार्ड मागितले. जाणाऱ्यांनी ही लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. परतताना आपल्याकडच्या विमानतळावरही ते कार्ड पाहतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. बोट्सवानातून नामिबियात जाताना लाळ्या-खुरकुताची बाधा पसरू नये म्हणून ट्रकची चाके औषधाच्या पाण्यातून नेली आणि आम्हाला बुटांचे तळवे ओल्या पोत्यावर पुसायला लावले. ज्या घरात गुरे असतात तिथल्या माणसाला हा सोपस्कार समजावून सांगावा लागत नाही. आमच्या घरी साथीच्या दिवसांत वडील गोठ्याच्या दाराशी असेच करून घेत.

पण सरहद्दींची खरी गोष्ट झांझिबारमध्ये सुरू होते. 1890 साली इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात तह झाला. त्यात जर्मनीने झांझिबारवरचा इंग्रजांचा वरचष्मा मान्य केला आणि बदल्यात उत्तर समुद्रातले हेलिगोलँड बेट घेतले. शिवाय आजच्या नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून झांबेझी नदीपर्यंत पोहोचणारी जमिनीची एक अरुंद पट्टी घेतली. या नदीवाटे आपल्याला पूर्व किनारा गाठता येईल अशी जर्मनांची कल्पना होती. पट्टीला त्यांच्या चॅन्सेलरचे, कॅप्रिव्ही यांचे नाव मिळाले. झांझिबारच्या अरुंद गल्ल्यांतून फिरल्यानंतर महिन्याभराने आम्ही झांबियात मोसी-ओआ-टुन्या, म्हणजे ‘गरजणारा धूर’, अर्थात व्हिक्टोरिया धबधबा पाहिला. एक हजार सातशे मीटर रुंदीचे पाणी शंभर मीटरहून अधिक खोल कोसळताना पाहिले, तुषारांनी नखशिखांत भिजलो, आणि दोनच दिवसांनी त्या पट्टीतून सरळसोट रस्त्याने जाताना, बाजूला हत्तींपासून सावध राहण्याच्या पाट्या लागत असताना, मला मनापासून राग आला. ज्या नदीत असा कडा आहे ती जलमार्ग म्हणून नकाशावर गृहीत धरणारी माणसे दूर युरोपात बसली होती, आणि त्यांच्या रेघेने इथल्या गावांचे देश ठरले. झांझिबार आणि कॅप्रिव्ही एकाच कागदावरचे सौदे होते हे मी वाचले होते, पण दोन्ही टोके एकाच प्रवासात पायाखाली आल्याशिवाय त्यातला अन्याय मला कळला नव्हता.

काझुंगुला येथे झांबेझीवर 923 मीटर लांबीचा पूल आहे. तो 2021 साली सुरू झाला. त्याआधी ट्रक तराफ्यावरून जात आणि कित्येक दिवस रांगेत उभे राहत, असे आमच्या चालकाने सांगितले. झांबिया आणि बोट्सवाना यांची समाईक हद्द तिथे इतकी थोडकी आहे की झिंबाब्वेच्या हद्दीत न शिरण्यासाठी पुलाला नदीवरच बाक द्यावा लागला. मी चालकाला विनंती केली आणि त्याने पुलावर गाडी सावकाश नेली. तो गाडीला ‘गारी’ म्हणत असे. स्वाहिलीत चहा ‘चाय’ आहे, पोळी ‘चपाती’, आंबा ‘एम्बे’, रंग ‘रांगी’ आणि पैसा ‘पेसा’. ‘सफारी’ म्हणजे प्रवास. आपल्या ‘सफर’चे आणि तिचे मूळ एकच, अरबी. आमचा वाटाड्या मला रोज सकाळी ‘शिकामू’ म्हणे. लहानाने थोरामोठ्यांना करायचे हे अभिवादन आहे, आणि मुळात ते ‘पाय धरतो’ अशा अर्थाचे असल्याचे त्याने सांगितले. त्यावर मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणून ते स्वीकारायचे असते. मला तो ‘मामा’ म्हणत असे. तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने असेच हाक मारतात.

जेवणाचे बऱ्याच जणी विचारतात. मी शाकाहारी आहे आणि माझे काही अडले नाही. स्वयंपाकात आळीपाळीने चौघांनी हात लावायचा असे, त्यामुळे भाजी चिरण्याची पाळी आली की मी माझ्यापुरते आधी बाजूला काढून घेई. केनियात हिरव्या मुगाची ‘न्देंगू’ मिळाली, ती आपल्या उसळीची सख्खी बहीण म्हणावी अशी. मक्याच्या पिठाची घट्ट उकड मात्र सगळ्या वाटेवर सोबतीला होती: केनिया-टांझानियात तिला उगाली म्हणतात, मलावीत न्सिमा, झांबियात न्शिमा, दक्षिणेकडे ‘पाप’. नाव बदलले की देश बदलला असे समजावे. उजव्या हाताने गोळा मोडायचा, अंगठ्याने त्यात खळगा करायचा आणि भाजी उचलायची. दक्षिण कर्नाटकात ज्यांनी नाचणीच्या उकडीचा गोळा, म्हणजे ‘मुद्दे’, खाल्ला आहे त्यांना हे शिकवावे लागणार नाही. मसाल्याच्या पुड्या मी डब्यांतून नेल्या होत्या, कारण केनिया आणि टांझानिया या दोन्ही देशांत प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. जेवणानंतर भांडी तीन टबांत ओळीने धुवायची, साबणाच्या, साध्या आणि जंतुनाशकाच्या पाण्यात. पण ती फडक्याने पुसायची नाहीत, कारण एका ओल्या फडक्यातून साऱ्या तुकडीची पोटे बिघडतात. मग एकोणीस माणसे दोन्ही हातांत ताटल्या घेऊन अंधारात त्या हवेत हलवत उभी राहत, वाळेपर्यंत. बोलणे त्याच वेळी होत असे, आणि ज्यांच्याशी मी दिवसभर बोलले नव्हते त्यांच्याशी माझी ओळख तिथेच झाली.

आता रात्रीविषयी. भीती वाटली का, हाही त्याच प्रश्नाचा भाग असतो. वाटली. टांझानियातल्या न्गोरोंगोरोच्या विवराच्या काठावर, सुमारे दोन हजार तीनशे मीटर उंचीवर, गवताळ मैदानात तंबू होते आणि कुंपण नव्हते. थंडी अशी की मी दोन स्वेटर घालून झोपले होते. सेरेंगेटीतल्या मुक्कामी स्वयंपाकाची आणि जेवणाची जागा जाळीने बंद केलेली होती, तंबू मात्र उघड्यावर. नियम मोजके होते आणि ते कुणी मोडले नाहीत: तंबूत खाण्याची एकही वस्तू ठेवायची नाही, बूट आत घ्यायचे, चेन पूर्ण लावायची, आणि रात्री बाहेर पडायचेच झाले तर आधी टॉर्च चौफेर फिरवून चमकणारे डोळे दिसतात का ते पाहायचे, दिसले तर आतच थांबायचे. बायका आडून विचारतात त्याचे उत्तर असे की संध्याकाळी सातनंतर मी पाणी बेताने पीत असे. त्या रात्री तरसे ओरडत होती. खालच्या पट्टीत सुरू होऊन शेवटी एकदम वर चढणारा तो आवाज दुसऱ्या दिशेने परत येई, मग तिसऱ्या. दिवसा एका बिबट्याच्या झाडाभोवती वीसेक जीपगाड्या दाटलेल्या मी पाहिल्या होत्या, आणि आमच्या गाडीने तिथून निघावे असे मीच सुचवले होते, कारण त्या गर्दीत त्याला पाहण्यात मला काही आनंद वाटेना. रात्री कुणी कुणाला घेरलेले नव्हते.

पण मला जी रात्र सांगायची आहे ती झांबियातली, साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानाबाहेरच्या नदीकाठची. लुआंग्वा नदी पाणघोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. दिवसभर ते पाण्यात पडून असतात आणि रात्री चरायला काठावर येतात. अंधार पडल्यावर पहारेकऱ्याने आम्हाला तंबूपर्यंत सोबत केली. अडीचच्या सुमारास मला जाग आली ती गवत उपटल्याच्या आवाजाने. एक मोठा ओढा, मग चावणे, मग नाकातून सुटलेला दीर्घ श्वास, मग पुन्हा ओढा. आवाज उशापासून हातभर अंतरावर वाटत होता. माझे बालपण गोठ्याला लागून असलेल्या खोलीत गेले, आणि म्हैस वैरण ओढते तेव्हाची लय माझ्या कानात पक्की बसलेली आहे. ही तीच लय होती, फक्त फार मोठ्या छातीची. माझ्या जोडीदाराने माझे मनगट धरले. मी तिच्या हातावर थोपटले आणि आम्ही दोघी हललो नाही. दीड टनाहून जड जनावर आणि आमच्यामध्ये एक कापड होते, आणि त्या जनावराला आमच्याशी काही कर्तव्य नव्हते. ते चरत चरत तंबूच्या पायाकडच्या बाजूला गेले, एक दोरी थरथरली, आणि आवाज नदीकडे लांबत गेला. सकाळी उजाडल्यावर आम्ही बाहेर येऊन पाहिले तर गवत कातरल्यासारखे आखूड झाले होते आणि ओल्या मातीत चार बोटांचे ठसे होते, माझ्या दोन्ही पंजांनीही न झाकता येण्याएवढे. दोऱ्यांच्या मधून ते नेमके वाट काढून गेले होते. वीट-सिमेंटच्या भिंतीआड मी त्या रात्री शांत झोपले असते, आणि हे कधीच ऐकले नसते.

नामिबियातल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानात रात्री पाणवठ्याच्या दगडी कठड्याशी बसून काळे गेंडे पाहिले, तेही सुंदर होते. त्याच देशातल्या सेसरीमच्या वाळवंटी मुक्कामी आम्ही तंबूबाहेरच आडवे झालो. आपल्याकडे दक्षिणेला जेमतेम अर्ध्या आकाशापर्यंत चढणारी ज्येष्ठा तारका तिथे ऑगस्टच्या रात्री नऊच्या सुमारास थेट डोक्यावर होती, वृश्चिकाची नांगी पूर्ण उलगडलेली, आणि आपल्या क्षितिजाशी रेंगाळणारा त्रिशंकू नैऋत्येला चांगला वर आलेला. किती दक्षिणेला आलो आहोत हे मला कुठल्याही पाटीपेक्षा त्या आकाशाने सांगितले.

तंबूतली शेवटची रात्र केप टाऊनच्या उत्तरेला, सीडरबर्गच्या डोंगरात होती. सकाळी दव पडले होते. आम्ही दोघींनी न बोलता दोऱ्या सोडल्या, दांड्या काढल्या, कापड झटकून गुडघ्यांनी दाबत गुंडाळले. पाच मिनिटेही लागली नसतील. मग तिने मेखा ओल्या गवतावर मांडून मोजल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “सोळा, मामा.”