आवाजांमागून येणारी लाज

मंगळवार, रात्री

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे; कुणी बोलत नसतानाही त्याला आवाज ऐकू येतात. औषधांनी ते बरेच कमी झालेत, पण बंद झालेले नाहीत. 'तू निकामी आहेस' असं ऐकू आलं की त्याला भीतीपेक्षा लाज जास्त वाटते, आणि त्या लाजेतूनच तो 'जगून काय करू' इथवर पोचतो. परळच्या ओपीडीतल्या थेरपिस्ट मॅडम सध्या या लाजेवरच काम करताहेत, याचं मला फार मोल वाटतं. स्किझोफ्रेनिया असलेल्या शंभरांतले सुमारे ५ जण आत्महत्येने जातात. सुरुवातीची वर्षं आणि हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरचे दिवस सगळ्यांत नाजूक.

मॅडम शिकवतात ती कौशल्यं मूळची डीबीटीतली (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी मानसोपचार पद्धत). मार्शा लिनेहान यांनी ही थेरपी वारंवार जीव द्यावासा वाटणाऱ्यांसाठी घडवली. आधी भावनेला नेमकं नाव द्यायचं, दहापैकी किती ते सांगायचं. मग ती जे करायला लावते त्याच्या उलट वागायचं. लाज म्हणते तोंडावर पांघरूण घेऊन पड. तर उठून माणसांत येऊन बसायचं. गोळ्या चालूच, हे सगळं त्यांच्या जोडीला.

आज संध्याकाळी तो एकदम गप्प झाला. मग स्वतःच मोरीत गेला, बादलीतल्या गार पाण्यात श्वास रोखून तोंड बुडवलं. असं केल्याने हृदयाचे ठोके मंदावतात (हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच करावं). केसांतून पाणी निथळत होतं. म्हणाला, "ताई, लाज आठ होती, आता पाच." आवाज चालूच होते. तरी तो बाहेर येऊन आमच्यात बसला, चहा मागितला.

मी त्याला सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतोय का?" आत्या दचकली, असलं अभद्र बोलू नये म्हणाली. पण विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनातलं बोलायला वाट मिळते. "मघाशी वाटत होतं," तो म्हणाला. आवाज खरे की खोटे, या वादात मी पडलेच नाही.

कपाटाच्या दारावर त्याच्याच अक्षरातला कागद आहे: त्रास वाढल्याच्या खुणा, काय करायचं, कुणाला फोन करायचा. खाली टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी, मोफत, रात्रंदिवस चालू. गोळ्यांच्या स्ट्रिप्स माझ्याकडे कुलपात. उद्या त्या कागदाची झेरॉक्स आत्याला देऊन नीट समजावून सांगायचंय, कारण दुपारी घरी तीच असते.